निरंक

पुस्तकाच्या परीक्षणाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत ओळीने मांडलेली असते, आणि आपल्या डोळ्यांना त्याचीच सवय आहे. माझ्या एका निसर्गप्रेमी स्नेह्यांची परीक्षणं मात्र वेगळ्याच ओळीने उघडतात. आधी तारीख, मग गाव, मग वेळ, आभाळाची अवस्था, वाऱ्याची दिशा. आणि त्यानंतर, समोरच्या बाभळीवर येऊन बसलेल्या पक्ष्याचं नाव टिपावं इतक्या सहजपणे, हाती असलेल्या पुस्तकाचं नाव. पीटर मॅथिसन यांच्या ‘द स्नो लेपर्ड’वरचं त्यांचं टिपण आत्ता माझ्यासमोर आहे. त्याच्या माथ्यावर मे महिन्यातली तारीख आहे, सोलापूरकडच्या एका वस्तीचं नाव आहे, वेळ दुपारी दोनची, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि वाचायला बसण्याची जागा गोठ्याच्या पत्र्याखालची. हिमालयातल्या बर्फाचं पुस्तक कुठल्या तहानेनं वाचलं गेलं आहे, हे आपल्याला त्या एका ओळीत कळतं, आणि पुढची दोन पानं आपणही त्याच तहानेनं वाचू लागतो.

गेली वीसेक वर्षं मी या परीक्षणांच्या मागावर आहे. एका छोट्या निसर्गमंडळाचं आठ पानांचं त्रैमासिक निघतं, त्याच्या सहाव्या किंवा सातव्या पानावर ती येतात. अंक हाती पडला की मी आधी ते पान उघडतो, उभ्या उभ्याच पहिली ओळ वाचतो, आणि बाकीचं संध्याकाळसाठी राखून ठेवतो. वर्षानुवर्षं कापून ठेवलेली ती पानं एका फायलीत जमली आहेत. त्यांतली काही पुस्तकं मी त्यांच्यामुळे विकत घेतली, काही त्यांच्याकडूनच वाचायला आणली, आणि काही अजूनही मला फक्त त्यांच्या टिपणांतूनच ठाऊक आहेत. एखाद्या जाणत्या माणसाच्या मागोमाग रानात चालताना आपण वाटेइतकेच त्याच्याकडेही बघत असतो. तो कुठे थबकतो, कशासाठी वाकतो, कुठलं पान उलटून बघतो. या परीक्षणांचा आस्वाद मी तसाच घेत आलो.

माझे हे स्नेही उभी हयात पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या चौकीवर त्यांचं एक काम असे: रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकापाशी जायचं, त्याचं नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. श्रावणात हे काम कुणीही आवडीनं करील. पण एप्रिलमधल्या सकाळीही त्यांनी ते यंत्र तितक्याच नेमानं उघडलं. नरसाळ्यात धूळ, कडुनिंबाचं वाळकं पान, कधी कोळ्यानं विणलेलं जाळं, पाणी नाही. त्या दिवशीही रकान्यात लिहायचं असतं, आणि तिथे सरकारी मराठीतला एक शब्द ठरलेला आहे: निरंक. ते मला एकदा म्हणाले होते की रकाना कोरा ठेवणं आणि निरंक लिहिणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कोरा म्हणजे कुणी गेलंच नाही, निरंक म्हणजे माणूस गेला, त्यानं झाकण उघडलं, आणि पाऊस नव्हता.

या शब्दावर आपण जरा रेंगाळू या. कचेऱ्यांच्या कागदांवर तो इतका वापरला गेला आहे की त्याचं रूप आपल्याला दिसेनासं झालं. अंक म्हणजे आकडा, अंक म्हणजे खूण, अंक म्हणजे मांडीही. जिथे खूण उमटलेली नाही, आकडा बसलेला नाही, ते निरंक. पण तो उच्चारायला कुणी तरी तिथवर जावं लागतं. एका बाजूला पूर्ण अभाव, दुसऱ्या बाजूला त्या अभावाचा साक्षीदार, असे दोघे या तीन अक्षरांत शेजारी बसलेले आहेत. आमच्या स्नेह्यांच्या प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एक छोटा तक्ता असतो: पुस्तकात आलेल्या जीवांपैकी त्यांनी स्वतः कोण, कुठे, केव्हा पाहिलं. काहींच्या पुढे तारीख असते, काहींच्या पुढे निरंक, आणि काहींच्या पुढे काहीच नसतं, कारण तिथे ते कधी गेलेलेच नसतात. परीक्षणाच्या देहावर जी नजर आपल्याला फिरताना दिसते, ती घडली आहे त्या तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात.

आता हिमबिबट्याचं पुस्तक. 1973 च्या शरदात मॅथिसन हे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्यासोबत नेपाळातल्या डोल्पोकडे निघाले. शॅलर यांना भरल या निळसर अंगाच्या प्राण्याचा माजावरचा काळ पाहायचा होता, म्हणजे तो मेंढ्यांच्या अधिक जवळचा की शेळ्यांच्या, हा जुना प्रश्न सोडवता आला असता. आणि भरल जिथे, तिथे त्याच्या मागे हिमबिबट्या असण्याची आशा. महिन्याभराची पायपीट करून, खिंडी बर्फानं बंद व्हायच्या बेतात असताना ते शे इथल्या स्फटिक-मठाशी पोचतात. पायांचे ठसे सापडतात, विष्ठा सापडते, दगडावर ओरखडे सापडतात. मॅथिसन यांना हिमबिबट्या मात्र दिसत नाही. 1978 मध्ये पुस्तक आलं, त्याला अमेरिकेतलं राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळालं, आणि ज्याचं नाव मुखपृष्ठावर आहे तो पुस्तकात एकदाही समोर येत नाही.

बहुतेक परीक्षकांनी या न दिसण्याचं तत्त्वज्ञान केलं असतं. आमचे स्नेही काय करतात ते पाहण्यासारखं आहे. पुस्तक दैनंदिनीच्या रूपात आहे, प्रत्येक नोंदीवर तारीख आहे, हे त्यांना फार भावलं आहे. आणि त्या तारखांतून ते सावकाश पुढे सरकतात, जणू एखाद्या अपरिचित चौकीची जुनी वही चाळत आहेत. अमुक तारखेला ठसे, आदल्या रात्रीचे. अमुक तारखेला ओढ्याकाठी ओरखडा. अमुक तारखेला काही नाही. ते प्रत्येक ‘काही नाही’पाशी थांबतात आणि बघतात की लेखकानं त्या दिवशी डोळे कशावर ठेवले. भरलांच्या शिंगांवर? वाऱ्यानं फडफडणाऱ्या पताकांवर? स्वतःच्या पायातल्या फाटक्या बुटांवर? आणि मग त्यांचं एक निरीक्षण येतं, जे वाचून मी पान खाली ठेवलं होतं: पुस्तकातली सर्वांत बारकाईनं पाहिलेली पानं त्या दिवसांची आहेत, ज्या दिवशी हवं ते दिसलेलं नाही. हे एकदा कुणी दाखवून दिलं की आपण ते पुस्तक पुन्हा उघडतो आणि आपल्याला तिथे खरोखरच एक निराळी प्रकाशयोजना दिसू लागते.

इथे एका बाबतीत माझं त्यांच्याशी जमत नाही, तेही सांगून टाकतो. मॅथिसन यांच्या झेन साधनेची पानं आमच्या स्नेह्यांनी एका वाक्यात ओलांडली आहेत. मला ती ओलांडवत नाहीत. मॅथिसन निघाले तेव्हा त्यांच्या पत्नीच्या निधनाला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि आठ वर्षांचा मुलगा मागे घरी होता. ज्या माणसाच्या स्वतःच्या घरातला एक रकाना असा नुकताच रिता झाला आहे, तो डोंगरावर जाऊन काही न दिसणं सोसायला शिकतो, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे असं मला वाटतं. स्नेह्यांना मी हे पत्रानं कळवलं. त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं, की ती पानं त्यांनी वाचली आहेत, पण दुसऱ्याच्या घरातल्या वहीवर शेरा लिहायचा नसतो. त्या ओळीनंतर मी वाद घातला नाही.

याच प्रवासावर शॅलर यांनी स्वतः ‘स्टोन्स ऑफ सायलेन्स’ लिहिलं, ते 1980 मध्ये आलं. एकाच वाटेनं गेलेल्या दोघांची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायची, ही कल्पना सुचायला फार मोठी प्रतिभा लागत नाही. पण ती निभवायला लागणारा संयम आमच्या स्नेह्यांकडे आहे. ते दोघांची तुलना करत नाहीत. एक पाऊस मोजतो आणि दुसरा पावसात भिजतो, दोघांच्याही अंगाला पाणी लागलंच आहे, अशा अर्थाचं काही तरी ते म्हणतात आणि मग शॅलर यांच्या आकड्यांत रमतात. शॅलर यांच्यावर त्यांचं जुनं प्रेम आहे. कान्हाच्या रानात 1963 ते 1965 या काळात राहून शॅलर यांनी केलेला अभ्यास ‘द डियर अँड द टायगर’ या नावानं 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी बहुतेक जण त्यातली कोष्टकं उलटून पुढे जातात. आमच्या स्नेह्यांचं परीक्षण कोष्टकांतच मुक्काम करतं. वाघ काय खातो हे कळावं म्हणून एक माणूस वाघाची विष्ठा उकलून त्यातले केस आणि हाडांचे तुकडे ओळखत बसला होता, आणि त्याच्या त्या बसण्यातून एक सरळ रेघांचं कोष्टक तयार झालं, या जाणिवेनं ते कोष्टकाकडे बघतात. आणि आपण त्यांच्या खांद्यावरून बघू लागलो की त्या रेघांच्या मागे साल, गवत, चितळांचे कळप आणि जमिनीवर उकिडवा बसलेला एक परदेशी तरुण दिसू लागतो.

पण माझं सर्वांत लाडकं परीक्षण सलीम अलींच्या आत्मचरित्राचं, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’चं. पुस्तक 1985 चं. त्याची कथा आपल्याला ठाऊक असते: मुंबईच्या खेतवाडीतला एक पोरका मुलगा, हातात छऱ्याची बंदूक, खाली पडलेली चिमणी, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग, मामांनी दिलेली चिठ्ठी, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांनी उघडून दाखवलेले पक्ष्यांच्या कातड्यांचे खण. आमचे स्नेही या प्रसंगावरून झटकन पुढे जातात. तो पुरेसा सांगून झाला आहे, असं त्यांना वाटत असावं. ते थांबतात किहीमला.

अलिबागजवळच्या किहीमला 1930 च्या पावसाळ्यात सलीम अलींनी सुगरणींची वसाहत न्याहाळली. दिवसचे दिवस घरट्यांसमोर बसून त्यांना जे उमगलं ते तोवर कुणी नीट मांडलेलं नव्हतं. नर घरटं विणतो, पण पुरं करत नाही. अर्ध्यावर आलं की थांबतो. माद्या येतात, आत शिरून, लोंबकळून, ओढून बघतात. एखादीच्या मनास आलं तर ती तिथे राहते, आणि मग नर त्याला नळीचं लांब दार जोडतो. तिची अंड्यांवरची बैठक सुरू झाली की हा शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो. आणि जे घरटं कुणालाच पसंत पडत नाही ते तसंच लोंबत राहतं, अर्धवट, शिरस्त्राणाच्या आकाराचं.

आमच्या स्नेह्यांनी त्या परीक्षणात पूर्ण घरट्यांबद्दल जवळजवळ काही लिहिलेलं नाही. त्यांनी लिहिलं आहे नाकारलेल्या घरट्यांबद्दल. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी ती अर्धी घरटी आपण लहानपणापासून पाहत आलो. पावसानं किंवा पोरांनी मोडली असतील, असं समजून चाललो. कुणी तरी त्यांच्यासमोर बसलं, त्यांतल्या प्रत्येकात कोण आलं आणि कोण आलं नाही ते लिहीत गेलं, म्हणून त्या अर्धेपणाला अर्थ आला. पूर्ण झालेलीच घरटी मोजली असती तर नराचं कसब कळलं असतं, मादीची पारख कळली नसती. आणि मग एक नाजूक वळण येतं. मराठीनं या पक्ष्याला स्त्रीचं नाव दिलं आहे आणि बहिणाबाईंनीही खोप्याचं सगळं कौतुक सुगरणीच्याच पदरात घातलं आहे, याची ते आठवण करतात. एखाद्यानं इथे बहिणाबाईंना दुरुस्त करण्याची हौस भागवली असती. आमचे स्नेही एवढंच म्हणतात की विणणारा नर असेल, पण कुठलं घरटं घर व्हायचं हे ती ठरवते, तेव्हा नाव चुकलेलं नाही. किती हळुवारपणे एका हातातलं शास्त्र आणि दुसऱ्या हातातली ओवी त्यांनी एकाच ओंजळीत आणली आहे! हे परीक्षण वाचल्यापासून मी भर जूनमध्ये कुठे बाभळ दिसली की घरटी मोजतो, आणि अर्धी आधी मोजतो.

नोंद जशी प्रेमानं होते तशी ती खोटीही होऊ शकते, हे माझ्या फायलीतलं सर्वांत गंभीर पान. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचा ‘बर्ड्‌स ऑफ साउथ एशिया’ हा दोन खंडांचा ग्रंथ 2005 मध्ये आला. पहिला खंड चित्रांचा, रानात न्यायचा. दुसरा जाड खंड पक्ष्यांच्या वर्णनांचा, आवाजांच्या आलेखांचा आणि आढळाच्या हिशेबांचा. परीक्षणात पहिल्या खंडाला चार ओळी मिळाल्या आहेत आणि दुसऱ्याला दोन पानं. कारण दुसऱ्यात रासमुसेन यांनी केलेली साफसफाई आहे. रिचर्ड माइनर्टझागेन हे ब्रिटिश सैन्यातले कर्नल, त्यांच्या काळातले नामवंत पक्षितज्ज्ञ. 1937 मध्ये ते आणि सलीम अली अफगाणिस्तानात एकत्र फिरलेही होते. त्यांनी संग्रहालयांतून पक्ष्यांची कातडी चोरून, त्यांवर स्वतःच्या हातानं नवी गावं आणि नव्या तारखा लिहून, ती आपण मिळवली असं दाखवलं होतं. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते एकेक कातडं तपासून उघड केलं, आणि त्या कातड्यांच्या भरवशावर उभ्या असलेल्या नोंदी नव्या ग्रंथात बाजूला काढल्या गेल्या.

आणि या सगळ्या कथेच्या मध्यभागी आपल्या खानदेशातला एक वीतभर पक्षी आहे. रानपिंगळा. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं शहादा-तळोद्याकडच्या रानात तो मिळवला, शेवटचा 1884 मध्ये. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, आणि पुढे शंभरावर वर्षं काहीच नाही. मध्ये एकच नोंद: 1914, गुजरातेतली मांडवी, माइनर्टझागेन. ते सातांपैकीच एक कातडं निघालं, डेव्हिडसन यांनी मिळवलेलं आणि संग्रहालयातून चोरलेलं. 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी ती मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या प्रामाणिक नोंदींची गावं धरली, आणि शहाद्याजवळच्या रानात, भर उजेडात, निष्पर्ण फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तेव्हा त्याला शेवटचं खरोखर पाहिल्याला 113 वर्षं झाली होती. पुढे तो मेळघाटात दिसला, तानशातही दिसला.

या प्रकरणावर लिहिताना आमच्या स्नेह्यांचा स्वर किंचित बदलतो. वाक्यं आखूड होतात. कर्नलसाहेबांवर ते संतापत नाहीत, पण त्यांना दुःख झालं आहे, आणि ते एका साध्या कारणानं: 1914 सालच्या त्या रकान्यात निरंक असायला हवं होतं. कुणी तरी तिथे गेलं असेल किंवा नसेल. पण खोटा आकडा लिहिला गेला की पुढचे सगळे शोधणारे त्या गावाची वाट धरतात, आणि जिथे पक्षी खरोखर आहे ते रान न बघितलेलं राहतं. कोऱ्या रकान्यानं इतकं नुकसान होत नाही. पर्जन्यमापकात आपल्या लोट्यातलं पाणी ओतण्यासारखं हे आहे, असं त्यांनी लिहिलं आहे. आणि आयुष्यभर त्या यंत्राचं झाकण उघडलेल्या माणसाच्या लेखणीतून ही उपमा आली की तिचं वजन आपल्याला जाणवतं.

काही परीक्षणं मी भरभर सांगतो. एम. कृष्णन यांच्या लेखांवर त्यांनी लिहिलं, तेव्हा 1950 पासून 1996 मध्ये मृत्यूच्या दिवसापर्यंत ‘स्टेट्समन’मध्ये चाललेल्या त्या सदराच्या अखंडपणाकडेच ते विस्मयानं बघत राहिले. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’वर लिहिताना ते शब्दांत हरवले, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार म्हणणारा माणूस आपल्या सोलापूरचा, याचा अभिमान त्यांना लपवता आलेला नाही, आणि लपवायचं कारणही नाही. रेचेल कार्सन यांच्या 1962 मधल्या ‘सायलेंट स्प्रिंग’वरचं टिपण तर अवघं दहा ओळींचं आहे. त्यांतल्या सात ओळी पुस्तकाबद्दल नाहीतच. त्या आहेत गावाबाहेरच्या ढोरफोडीच्या जागेबद्दल. तिथल्या वडावर एके काळी झाडभर गिधाडं असत. मग मोजता येण्याइतकी उरली. मग पाचसात. मग तक्त्यात वर्षामागून वर्ष तोच एक शब्द. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, आणि 2006 मध्ये भारतानं ते गुरांसाठी बंद केलं; पण वडाखालची ती वही तोवर आपलं म्हणणं मांडून मोकळी झाली होती. कार्सन यांच्या पुस्तकाचं नावच एका न येणाऱ्या आवाजाचं आहे, एवढंच ते शेवटी म्हणतात.

माळढोकाचा रकाना मात्र त्यांना असा शांतपणे भरता येत नाही. नान्नज त्यांच्या घरापासून सकाळच्या एस्टीच्या अंतरावर. 1979 मध्ये तिथे अभयारण्य झालं, तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. नराचा घुमारा माळावरून कसा ‘हूम’ असा जमिनीतून यावा तसा येई, आणि म्हणून जुनी माणसं या पक्ष्यालाच हूम म्हणत, हे त्यांनी मला बोलून दाखवलं आहे, लिहिलेलं नाही. माळ म्हणजे पडीक जमीन, असं समजून आपण ती नांगरली, तिच्यावर झाडं लावली, तिच्यावरून विजेच्या तारा नेल्या. आता सबंध देशात दीडशेच्या आसपास माळढोक उरले असतील, आणि तेही बहुतेक राजस्थानात. कुठल्याही पुस्तकात माळढोक आला की आमच्या स्नेह्यांच्या तक्त्यात त्याच्यापुढे शेवटच्या दर्शनाची तारीख येते, आणि तिच्याखाली, त्या वर्षी ते जितक्या वेळा नान्नजला गेले तितक्या वेळा, वेगळ्या ओळीवर निरंक. संपादकांनी एकदा जागा वाचवण्यासाठी त्या ओळी एकत्र करून ‘अकरा वेळा निरंक’ असं छापलं. पुढच्या अंकात अकराही ओळी सुट्या करून पुन्हा छापायला लावल्या त्यांनी. मी फायलीत दोन्ही पानं शेजारी लावली आहेत. आपण ती पाहिली की हट्ट कळतो: अकरा पहाटे ते उठले होते, अकरा वेळा त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली होती.

रासमुसेन यांच्या ग्रंथाच्या परीक्षणाखालचा तक्ता मी मुद्दाम शेवटी ठेवला. त्यात रानपिंगळ्याच्या नावापुढे जागा कोरी होती. निरंकही नाही. इतक्या आत्मीयतेनं ज्याची हकीकत लिहिली, त्याच्या रानात ते स्वतः कधी गेले नव्हते, आणि न जाता निरंक लिहिणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. ती कोरी जागा बरीच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर राहिली. शेवटी एका डिसेंबरात मी त्यांना तळोद्याला घेऊन गेलो.

तीन पहाटा आम्ही त्या सागाच्या रानात चाललो. सागाचं वाळकं पान पायाखाली असं वाजतं की दहा पावलांवरचं रान आपल्याला ऐकू येतं आणि आपण साऱ्या रानाला. सोबतच्या वनरक्षकानं एक नाला दाखवला; महिन्यापूर्वी त्यानं तिथे पाहिला होता. ध्वनिमुद्रित हाक वाजवून बघू का, असं त्यानं विचारलं. स्नेह्यांनी नम्रपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी सूर्य झाडावर चढला तेव्हा एका ढोलीच्या तोंडाशी पिंगळा दिसला आणि माझा श्वास अडकला. त्यांनी दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं, आणि मग माझ्या हातात दिली.

“डोकं बघा,” ते कुजबुजले, “पांढरे ठिपके स्पष्ट आहेत ना? रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं असतं. हा आपला घरचा पिंगळा. छान बसलाय पण.”

आणि आम्ही त्या घरच्या पिंगळ्याकडे, तोच शोधत आलो असल्यासारखे, अर्धा तास बघत राहिलो. त्यानं मान फिरवली, पिवळे डोळे आमच्यावर रोखले, दोनदा खाली-वर झाला, आणि ऊन अंगावर आलं तसा आत सरकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तळोद्याच्या स्थानकावर चहा घेताना त्यांनी पिशवीतून वही काढली. मला वाटलं, आता त्यांचा चेहरा उतरेल. त्यांनी टोपण काढलं, तारखा लिहिल्या, वेळ लिहिली, धुकं लिहिलं, आणि तो शब्द लिहिताना त्यांच्या हातात मला एक लगबग दिसली, कुणा थोरल्या घरी आपलाही पाट मांडला गेल्यावर पाहुण्याच्या बसण्यात दिसते तशी. वही मिटून त्यांनी चहा बशीत ओतला.

मार्चच्या अंकात, आठव्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात दुरुस्ती आली. अमुक अंकातल्या तक्त्यात रानपिंगळा या नावापुढे कोरी राहिलेली जागा निरंक अशी वाचावी. तळोदा, तीन सकाळी, सहा ते दहा. निरीक्षक दोन.